नव्या आवृत्तीतले बाबा

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की लोक आनंदानं उड्या मारतात, असं जाहिरातीत लिहिणाऱ्याला एकदा धाकटीच्या खुर्चीत बसवायला हवं. तेही गुरुवारी सकाळी, मॅनेजरचा तिसरा निरोप आलेला असताना आणि पडद्यावर चुकांच्या लाल रेघांचं पीक उभं राहिलेलं असताना.

धाकटी म्हणजे या घरातली धाकटी मुलगी. चाळिशी ओलांडली, चष्म्याचा नंबर वाढला, ऑफिसातले लोक मॅडम म्हणायला लागले, तरी घरात ती धाकटीच राहिली. थोरला दादा दूरच्या शहरात असतो आणि फोनवरून काळजी करतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली. घरात उरले बाबा आणि ही. गोदामांच्या मालाचा हिशेब ठेवणारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका कंपनीत ती नोकरी करायची, आणि बाबांमुळे घरूनच करायची.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये बसून ती रोज कोड लिहायची, चालवायची, तपासायची, त्याची जुनी आवृत्ती तिच्या अंगवळणी पडली होती. कुठली कळ दाबली की काय होतं हे तिच्या बोटांना ठाऊक होतं, डोक्याला विचारावं लागत नव्हतं. ते सगळं कंपनीनं एका फटक्यात मोडीत काढलं. सोमवारपासून सर्वांनी नव्या आवृत्तीवर यायचं. जुनी ठेवायचीसुद्धा नाही. कंपनीचा तपासणी करणारा प्रोग्रॅम सोमवारी सकाळी प्रत्येकाच्या कॉम्प्युटरमध्ये डोकावणार, आणि कोपऱ्यात कुठे जुनी आवृत्ती सापडली तर दार बंद. काम नाही, मीटिंग नाही, काही नाही.

"अगं, एका तासाचं काम आहे," मॅनेजर म्हणाला होता. मॅनेजर लोकांच्या तासात किती मिनिटं असतात हे एकदा कुणीतरी शोधून काढलं पाहिजे.

गुरुवार अख्खा त्यात गेला. शोधायचा चौकोन डावीकडून उजवीकडे गेला होता, का गेला ते कुणाला माहीत. फाइल जपून ठेवायची कळ आता फाइल बंद करत होती. नवी आवृत्ती दर थोड्या वेळानं एक हसरा चेहरा पाठवून विचारायची, "कसं वाटतंय?" धाकटीनं दोनदा तो चेहरा मिटवला. तिसऱ्यांदा तिनं पडद्याला उद्देशून जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण तिच्या जिवाला घोर लागला होता तो ऑफिसच्या कोडचा नव्हता. तो बाबांचा होता.

बाबांनी जन्मभर लिलाव पुकारले. जुनं फर्निचर, बंद पडलेल्या कारखान्यांची यंत्रं, मालक सोडून गेलेली दुकानं, जे येईल ते त्यांनी चौथऱ्यावर उभं राहून विकलं. जीभ अशी की लंगड्या खुर्चीचं वर्णन ऐकून माणसानं आपली धड खुर्ची विकून ती घ्यावी. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत यांचं उत्तर तयार. घरातही तेच. जेवताना आई, दादा, धाकटी, कुणालाच एक वाक्य शेवटपर्यंत नेता यायचं नाही, आणि यांनी मध्येच असं काही बोलावं की निम्मं घर हसायचं आणि निम्मं घर ताट सोडून उठायचं. मग एके दिवशी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डोकं शाबूत राहिलं. हे बरं की वाईट, याचा निवाडा धाकटीला कधी करता आला नाही.

तेव्हा तिनंच त्याच सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्यासाठी एक बोलणारा प्रोग्रॅम लिहिला. बाबांच्या मांडीवर टॅबलेट, त्यावर अक्षरं आणि नेहमीचे शब्द. डाव्या हाताच्या बोटानं वाक्य जुळवायचं आणि हिरवं बटण दाबायचं, त्यावर लिहिलेलं 'बोल'. वाक्य धाकटीच्या कॉम्प्युटरकडे जायचं आणि तिथून आवाज होऊन बाबांच्या खोलीतल्या स्पीकरमधून यायचं. शेजारी लाल बटण, 'राहू दे'. ते दाबलं की वाक्य रद्द. फक्त एक होतं. जुन्या आवृत्तीत प्रत्येक वाक्यासाठी तो आवाज नव्यानं उभा राहायचा, आणि त्याला वेळ लागायचा. एखादा माणूस उठून पाणी पिऊन परत येईल एवढा. "थोडं थांबावं लागेल हं, बाबा," असं ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. बाबांनी मान हलवली होती.

तेव्हापासून बाबा एकदम निवळले, असं सगळे म्हणत. काहीतरी लिहायचे, 'बोल' दाबायचे, वाट बघायचे, आणि पुष्कळदा आवाज यायच्या आतच 'राहू दे' दाबून खिडकीबाहेर पाहायचे. "आजारानं माणूस किती शांत होतो बघ," असं दादा फोनवर म्हणायचा. धाकटीलाही तसंच वाटायचं. एवढंच कशाला, तिला ते थोडं आवडायचंही.

घरात दुसरा कॉम्प्युटर नव्हता. तेव्हा जुनी आवृत्ती काढायची म्हणजे बाबांचा प्रोग्रॅमही नव्या आवृत्तीवर न्यायचा, नाहीतर सोमवारपासून बाबा मुके. शुक्रवारी दुपारपर्यंत तिनं ते केलं. कसं केलं ते विचारू नका, नाकी नऊ आले. पण शेवटी टॅबलेटवर हिरवं बटण दाबलं आणि ते वर येतंय न येतंय तोच आवाज आला. वाटच बघायला लागली नाही. नव्या आवृत्तीत आवाज सतत तयार उभा असायचा.

"बघा बाबा!" धाकटी टाळी वाजवून म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती एखाद्या गोष्टीवर खूश झाली होती. "आता अजिबात थांबायला नको."

बाबांनी टॅबलेटकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग बोट चालू लागलं.

पहिला बळी मावशींचा. मावशी म्हणजे बाबांचं सगळं करायला दिवसभर येणाऱ्या बाई. हाताला चलाख, कामाला चोख, पण फोन कानाला आणि तोंड सदा चालू. बाबांविषयी जे सांगायचं ते बाबांच्या डोक्यावरून धाकटीला सांगायचं, अशी त्यांची पद्धत होती. तसं बघितलं तर घरात सगळ्यांचीच होती.

"ताई, आज आजोबांनी सूप अर्धंच घेतलं बरं का," मावशी म्हणाल्या.

"सूप होतं का ते?" स्पीकर म्हणाला. "मला वाटलं भांडी विसळलेलं पाणी."

मावशींच्या हातातला चमचा वाडग्यात पडला. धाकटीला आधी हसू आलं, मग ते तिनं गिळलं. संध्याकाळी अंग पुसताना मावशी फोनवर बोलत होत्या तेव्हा स्पीकर म्हणाला, "बाई, आज फोनलाच अंघोळ घाला." नंतर दादाचा व्हिडिओ कॉल आला. दादा नेहमीसारखा म्हणाला, "बाबा, पुढच्या महिन्यात नक्की—"

"खोटं," स्पीकर म्हणाला.

पडद्यावर दादाचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे काय? कामं असतात मला, सुट्टी—"

"बायको नको म्हणते, असं सरळ सांग."

दादानं कॉल बंद केला आणि लगेच धाकटीच्या फोनवर लावला. "तू काय करून ठेवलंस त्या मशीनचं? चांगले शांत झाले होते! होतं तसं कर ते."

"दादा, तू येऊन कर," धाकटी म्हणाली आणि तिनंही फोन ठेवला. तिचं डोकं ठणकत होतं.

शनिवारी सकाळी मावशींनी दारातच चपला न काढता सांगितलं, "ताई, मी माणसाची सेवा करायला येते. बोलणी खायला येत नाही. मी किती घरं केली, पण असं कुणी बोललं नाही मला. सोमवारपर्यंत ते मशीन पहिल्यासारखं करा, नाहीतर दुसरी बाई बघा."

दुसरी बाई! मावशींच्या आधीच्या बायका एकामागून एक सोडून गेल्या होत्या, आणि माणसं पाठवणाऱ्या संस्थेनं मावशींना पाठवताना स्वच्छ सांगितलं होतं की यापुढे आमच्याकडे कुणी नाही. ऑफिसनंही सांगितलं होतं की आता रजा मागू नका. मावशी गेल्या की बाबांना उठवणं, बसवणं, भरवणं धाकटीवर, म्हणजे नोकरी सोडणं आलं. ती नोकरी तिनं चिकाटीनं टिकवली होती. घरात कामाची ती एकच खोली अशी होती जिथं ती कुणाची धाकटी नव्हती.

मग तिनं काय केलं? जे कुठल्याही प्रोग्रॅमरनं केलं असतं तेच. नव्या आवृत्तीत, आवाज निघायच्या अगोदर, एक ओळ घातली. ती ओळ काही करत नव्हती. नुसती थांबायची. पूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढाच वेळ गप्प उभी राहायची आणि मग वाक्य सोडायची. शेजारी तिनं स्वतःसाठी शेरा लिहिला, 'तात्पुरतं'. या धंद्यात तात्पुरत्या ओळी माणसाच्या निवृत्तीपर्यंत टिकतात हे तिला चांगलं माहीत होतं.

बाबांना तिनं सांगितलं नाही.

शनिवारी दुपारपासून घर कसं गार झालं. बाबांनी दोनदा 'बोल' दाबलं, वाट पाहिली, टॅबलेट जरा वाकडं करून पाहिलं, आणि 'राहू दे' दाबलं. मावशी फोनवर बोलत राहिल्या, कुणी काही म्हटलं नाही. जाताना त्या म्हणाल्या, "आज आजोबा शहाण्यासारखे वागले हं ताई." रविवारी सकाळी दादाचा कॉल आला तेव्हा बाबांनी बोटही उचललं नाही. "बघ, केलंस ना बरोबर," दादा खूश होऊन म्हणाला.

रविवारी मावशींना सुट्टी. दुपारी ती बाबांना जेवायला घालायला गेली तर टॅबलेट पलंगाच्या पायाशी पडलेलं. बाबांनी डाव्या हातानं ढकलून दिलं होतं. तिनं उचलून मांडीवर ठेवलं. त्यांनी पुन्हा ढकललं.

"आता काय झालं?" ती म्हणाली. चढलेला आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला. "परवा एवढे बोलत होता, तोंडाला कुलूप नव्हतं, आणि आता रुसून बसायचं? मी किती जणांची मर्जी सांभाळू बाबा? तिकडे मॅनेजर, इकडे मावशी, वर दादाची शिकवण. बोला ना काय असेल ते!"

बाबांनी टॅबलेट ओढून घेतलं. बोट भराभर फिरलं. तिला पहिल्यांदाच नीट दिसलं की ते बोट किती वेगानं फिरतं. हिरवं बटण दाबलं. मग शांतता. तिच्या खोलीत फोन वाजला, मॅनेजरचाच असणार, आणि ती सवयीनं उठली. दारापर्यंत पोचली तेव्हा मागून आवाज आला.

"मुद्दाम वेळ घातलास."

ती वळली. "नाही हो. नव्या व्हर्जनचं सुरुवातीला असं होतं, जरा—"

बाबा लिहीत होते. फोन वाजून वाजून थांबला. ती दारातच उभी राहिली, आणि तिला ते थांबणं भयंकर लांबलचक वाटलं. काहीतरी बोलून ते भरून काढावं असं वाटत होतं.

"आयुष्यभर लिलाव पुकारला. मला वेळ कळत नाही?"

धाकटी पलंगाच्या कडेवर बसली. खोटं बोलण्यात अर्थ उरला नव्हता. "मावशी जाईल, बाबा," ती म्हणाली. "आणि ती गेली की माझी नोकरी जाईल. मग आपण दोघं या घरात एकमेकांची तोंडं बघत बसू. तुम्हाला एवढंसुद्धा दमानं घेता येत नाही? आजारपणानंतर किती शांत झाला होता तुम्ही. सगळे म्हणायचे. मलासुद्धा—" पुढचं तिनं गिळलं, पण बाबांना ते कळलं असावं.

त्यांनी लिहिलं. 'बोल' दाबलं. या वेळी ती हलली नाही. स्पीकरकडे बघत बसली.

"शांत नव्हतो."

मग पुन्हा बोट, पुन्हा बटण, पुन्हा ती गप्प उभी असलेली ओळ. तिनं स्वतः लिहिलेली.

"माझं वाक्य येईपर्यंत तुम्ही उठून गेलेले असायचात. मग कुणाला बोलायचं? राहू दे."

इतकी वर्षं ती ते लाल बटण दाबणारं बोट बघत होती, आणि मनातल्या मनात म्हणत होती की बाबांना समज आली. समज कसली! ते उत्तर देत होते, प्रत्येक वेळी, चोख उत्तर, आणि ते पोचायच्या आत घरातलं बोलणं पुढे निघून गेलेलं असायचं. आजारानं त्यांची वाचा नेली होती. त्यांचं बोलणं तिच्या प्रोग्रॅमनं नेलं होतं, आणि काल तर तिनं ते समजून-उमजून पुन्हा काढून घेतलं होतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की बाबांकडे बघवेना.

ती उठली, आपल्या खोलीत गेली आणि ती ओळ खोडून टाकली. फाइल जपून ठेवायला जुनीच कळ दाबली, आणि नव्या आवृत्तीनं अर्थातच फाइल बंद केली. तिनं कपाळावर हात मारला, सगळं पुन्हा उघडलं, पुन्हा खोडलं. हसरा चेहरा आला. "कसं वाटतंय?"

"गेलास तू खड्ड्यात," धाकटी म्हणाली.

बाबांच्या खोलीतून लगेच आवाज आला, "मी?"

"तुम्ही नाही बाबा!" ती ओरडली आणि टेबलावर डोकं टेकून रडली.

सोमवारी सकाळी तपासणीचा प्रोग्रॅम आला, कॉम्प्युटरभर फिरला आणि निघून गेला. दार उघडं राहिलं. त्यात तिला काही आनंद झाला नाही, कारण मावशींची यायची वेळ झाली होती.

मावशी आल्या. धाकटीनं त्यांना दारातच गाठलं. आडून-आडून सांगायचं त्राण तिच्यात नव्हतं. "मावशी, मशीन मी पहिल्यासारखं केलं होतं. काल पुन्हा वेगवान केलं. आता बाबा बोलणार. लागेल असंही बोलणार. मी त्यांना गप्प करणार नाही. तुम्हाला जायचं असेल तर मी अडवू शकत नाही."

मावशींनी खांद्यावरची पर्स काढली नाही. त्यांनी आत बाबांच्या खोलीकडे पाहिलं, मग धाकटीच्या चेहऱ्याकडे. "आजचा दिवस करते," त्या म्हणाल्या. "उद्याचं सांगत नाही."

मीटिंग सुरू झाली. नव्या आवृत्तीचे फायदे या विषयावर मॅनेजर बोलत होता. धाकटीचा एक कान भिंतीकडे होता. आधी नुसतं भांड्यांचं वाजणं. मग मावशींचा फोनवरचा आवाज. मग स्पीकर. शब्द कळले नाहीत, पण मावशींचा फोनवरचा आवाज तुटला. आता पर्स खांद्यावर जाणार, चपला वाजणार.

चपला वाजल्या नाहीत. त्याऐवजी मावशींचा आवाज चढला. "हे बघा आजोबा, तुम्ही कोण लागून गेलात हो? मी काय तुमच्या लिलावातली खुर्ची आहे, वाटेल ते बोलायला?"

"खुर्ची निदान गप्प असते!"

"मग खुर्चीकडून पुसून घ्या अंग! मी माझ्या लेकीशी बोलत होते, तिला बरं नाही. तुमचं काय जातं?"

"मग तसं सांगायचं! मला काय स्वप्न पडतं?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

"तुम्ही माझ्याशी बोललात कधी?"

मॅनेजर थांबला. "मॅडम, तुमच्याकडे मागे काही भांडण चाललंय का?"

"घरचे आहेत," धाकटी म्हणाली आणि माइक बंद करून तरातरा बाबांच्या खोलीत गेली. मावशी कमरेवर हात ठेवून बाबांच्या समोर उभ्या होत्या, अगदी समोर, आणि डोळे बाबांच्या डोळ्यांत. बाबांचं बोट टॅबलेटवर तयार होतं. त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू लालबुंद झाली होती आणि ते कितीतरी वर्षांनी लहान दिसत होते.

"अहो, माझी मीटिंग चालू आहे!" धाकटी ओरडली. "जीव नकोसा केलाय दोघांनी. निदान अर्धा तास तरी जरा—"

"तू मध्ये पडू नकोस," स्पीकर म्हणाला.

तिचं वाक्य तिथंच तुटलं. झटका आल्यापासून बाबांनी तिचं एकही वाक्य तोडलं नव्हतं. लहानपणी या सवयीचा तिला इतका संताप यायचा की ती ताट सोडून उठायची. आत्ताही संताप आला, आणि त्याच वेळी डोळे भरून आले, आणि यातलं काय आवरावं हे न कळून ती तशीच दारात उभी राहिली.

मावशींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि हातानं जायची खूण केली.

"जा तुम्ही, ताई. आमचं संपलं नाही अजून," त्या म्हणाल्या. "उद्यावर जाईल असं दिसतंय."